कडं काढलेल्या टेपा

सुट्टीच्या दिवशी नोंदणी कचेरीत दोनच माणसं असायची. फाटकावर पहारेकरी काका, आणि वरच्या मजल्यावर, मशीनच्या गार खोलीत, ती. बाकी सगळी इमारत रिकामी. जिना चढताना स्वतःच्याच चपलांचा आवाज मागून यायचा आणि कोणी येतंय की काय म्हणून तिनं पहिली काही वर्षं मागं वळून पाहिलं होतं. आता वळत नसे.

कचेरी जन्म-मृत्यूच्या नोंदींची होती. गावोगावच्या नोंदी आठवडाभर तारेवरून येऊन मोठ्या मशीनच्या पोटात जमायच्या आणि सुट्टीच्या दिवशी टेपांवर उतरायच्या. टेप म्हणजे ताटाएवढं रीळ. मशीन मागेल ती टेप कपाटातून आणायची, चढवायची, काम झालं की उतरवून जागच्या जागी ठेवायची, हे तिचं काम. तिचा आवाज इतका मऊ की फोनवर समोरचा माणूस आधी "हॅलो, हॅलो" करत बसायचा. म्हणून सगळे तिला हळूबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तीही ओ देई.

सकाळी कशालाही हात लावण्याआधी ती खुर्चीवर डोळे मिटून बसायची, आणि संध्याकाळी निघताना पुन्हा. संध्याकाळचा नेम जरा अवघड होता. दिवसभरात जे झालं ते देवाला सांगायचं. बरं-वाईट निवडायचं नाही, झाकायचं नाही, गाळायचं नाही. नवरा गेला त्या वर्षी धरलेला नेम. लेक तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होती. घरात बोलायला मोठं माणूस उरलं नव्हतं, म्हणून देवाशी बोलायला लागली, आणि मग ते सुटलंच नाही.

आज तिच्या हाताशी कापडी पिशवी होती. पिशवीत मरून रंगाचा स्वेटर, सुई-दोऱ्याची डबी आणि वेगवेगळ्या आकाराची बटणं. लेक परिचारिका झाली होती आणि परदेशातल्या एका इस्पितळात कामाला निघाली होती. तीन वर्षांचा करार, मध्ये घरी यायची सोय नाही. कागदपत्रं अशी शेवटच्या घटकेला हातात पडली की वसतिगृहातून परस्पर निघावं लागलं. पण गाडी याच गावावरून जाणार होती. इथं इंजिन बदलतात, म्हणून अर्धा तास थांबते. तेवढा अर्धा तास दोघींचा.

साहेबांनी आदल्या दिवशीच परवानगी दिली होती. "जा हो बाई. तासाभरानं काही आभाळ कोसळत नाही."

तिनंही सकाळपासून तशी तयारी केली होती. दुपारी लागणाऱ्या टेपा आधीच चढवून ठेवल्या, म्हणजे तासभर मशीनला कोणाची गरज पडू नये. दोनदा आरशात बघितलं. तिसऱ्यांदा बघायला गेली तेव्हा स्वतःचंच हसू आलं. "लेकीलाच भेटायचंय ना," ती आरशाला म्हणाली, "स्थळ बघायला नाही चाललीस."

आणि जेवणाच्या सुमाराला कारकून पडला.

कारकून म्हणजे माणूस नव्हे. टेपांचा हिशेब ठेवणारा मशीनमधला प्रोग्राम, त्याला कचेरीत सगळे कारकून म्हणत. कुठल्या टेपवर काय लिहिलंय, ते किती दिवस जपायचं, कुठली टेप आता मोकळी झाली, हे फक्त त्याला ठाऊक. टेपघरात हजारो टेपा, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या. कारकुनानं जिला मोकळी म्हटलं ती मोकळी. मग तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की आधीचं गेलं, कायमचं.

कारकून पडला तरी मशीन चालूच राहतं, हीच खरी मेख होती. ते टेपांवर लिहितच सुटतं, फक्त लिहिल्याची नोंद कुठंच होत नाही. आणि कारकून उठून बसला की त्याच्या लेखी ती टेप अजून कोरीच.

पडद्यावर ओळ आली: नोंद होणार नाही. तरीही लिहू का? होय की नाही?

हा प्रश्न पूर्वी येत नसे. मागं एकदा दुसऱ्या पाळीत असाच कारकून पडला, तेव्हा तिथल्या लोकांनी काम पुढं जाऊ दिलं. टेपांचे आकडे चिठ्ठीवर टिपले, दुसऱ्या दिवशी भरले. एक आकडा राहिला. आठवड्याभरात कारकुनानं ती टेप मोकळी म्हणून दुसऱ्या कामाला देऊन टाकली. डोंगराकडच्या एका भागातले सगळे जन्म पुसले गेले. कोणाला पत्ताही नव्हता. मग एके दिवशी एक बाई खालच्या खिडकीशी आली. "साहेब," ती म्हणाली, "पोरगी माझ्या कडेवर आहे, आणि तुमचं मशीन म्हणतंय ती जन्मलीच नाही." खिडकीतला माणूस पुन्हा पुन्हा मशीनचा कागद बघत राहिला. मूल मात्र त्याच्या शिक्क्याशी खेळत होतं. तेव्हापासून कारकून नसेल तर मशीननं थांबून विचारायचं, असं ठरलं.

तिनं नाही टाइप केलं. लगेच दुसऱ्या कामानं विचारलं. तिनं पुन्हा नाही म्हटलं.

मग ती उठली आणि चढवलेल्या टेपा एकेक करून उतरवू लागली. एक जुनं काम असं होतं की ते विचारत नसे. प्रश्न विचारायची पद्धत पडायच्या आधी लिहिलेलं, त्याला शिकवायला कोणाला सवड झाली नव्हती. त्याच्यावर एकच इलाज होता. टेपच्या पाठीमागं खाचेत प्लॅस्टिकचं एक पिवळं कडं बसवतात. कडं असेल तर मशीनला त्या टेपवर लिहिता येतं. कडं काढलं की फक्त वाचता येतं. मशीननं कितीही आदळआपट केली तरी अक्षर उमटत नाही. कारकून पडला की आधी कडी काढायची, मग फोन करायचा, ही रीत तिनं स्वतःपुरती घालून घेतली होती. बाकीच्यांना ते जरा अतीच वाटे. "हळूबाईंचं सोवळं," म्हणत.

सकाळी आपणच बसवलेली कडी तिनं नखानं उचकटून काढली. टेबलावर त्यांचा ढीग झाला. लहानपणी लेक शाळा सुटली की इथंच यायची आणि ही कडी कोपरापर्यंत चढवून घेऊन टेपघरातून नवरीसारखी चालायची. "आई, मी किती जड झाले बघ!"

तिनं फोन उचलला.

दूरच्या मुख्य कचेरीत मशीनचा जाणकार एकच होता. दाढीमुळे त्याला दाढी म्हणत.

"कारकून पडला," ती म्हणाली.

"हॅलो? कोण पडलं? जरा मोठ्यानं!"

"कारकून."

"अच्छा, हळूबाई! म्हटलं जिन्यावरून कोणी पडलं की काय. काय लिहून आलंय, वाचा बघू."

तिनं वाचलं. पलीकडं पेनचं टोपण दातावर आपटल्याचा आवाज आला.

"त्याच्या नोंदी जिथं असतात ती डिस्कच गेली. कालची प्रत टेपवर आहे ना? ती चढवून नोंदी परत उभ्या करायच्या, मग आज सकाळपासूनचं त्यात मिळवायचं. मी इथून सांगतो, तुम्ही तिथून करायचं. टेप चढवायला माझा हात तिथवर पुरत नाही."

"किती वेळ?"

"दुपार गेली समजा. का, कुठं जायचं होतं?"

तिनं खुर्चीला लटकलेल्या पिशवीकडं पाहिलं.

"हॅलो? गेला का फोन?"

"आहे," ती म्हणाली. "मला स्टेशनवर जायचं होतं. लेक जाते आहे."

पलीकडं टोपण पुन्हा दातावर आपटलं. मग दाढी म्हणाला, "साहेबांना विचारा बाई. ते होय म्हणायला सांगतील तर म्हणा. तुम्ही जाऊन या. मी संध्याकाळच्या पाळीबरोबर बघून घेईन."

साहेबांच्या घरी फोन लागला तेव्हा मागं रेडिओ चालू होता. त्यांनी तो बंद करायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. भला माणूस होता.

"बाई, तुम्ही होय म्हणा आणि सरळ निघा. काम चालू राहू दे. कुठल्या टेपांवर लिहिलं ते मशीन कागदावर छापतंच. उद्या आपण सगळे मिळून भरू."

"मागच्या वेळी असंच ठरलं होतं, साहेब."

"मागच्या वेळी तुम्ही नव्हता. उद्या तुम्ही असाल. जबाबदारी माझी. हवं तर लिहून देतो."

"तुमची जबाबदारी टेपला कळत नाही ना, साहेब."

साहेब हसले, आणि मग हसणं त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नसावं. "अहो, पोरगी तीन वर्षं दिसायची नाही. कारकून आज ना उद्या उठेल. मी सांगतोय म्हणजे हुकूम आहे समजा."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. आत्ता निघालं तर गाडी यायच्या आत फलाटावर पोचता येत होतं. पिशवी खुर्चीच्या पाठीला लटकत होती. पडद्यावर प्रश्न उभा होता. एक शब्द टाकायचा आणि दार ओढून घ्यायचं. कोणी बोल लावणार नव्हतं. साहेब तर उलट आशीर्वाद देत होते.

एखादा आकडा राहील की नाही, हे कोणालाच सांगता आलं नसतं. कदाचित नसताही राहिला. पण राहिला तर तो कोणाचा, हे पुन्हा कोणी तरी मूल कडेवर घेऊन खिडकीशी येईपर्यंत कळणार नव्हतं. आणि संध्याकाळी देवापुढं बसून ती काय सांगणार होती? होय म्हटलं आणि गेले. का म्हटलं? साहेब म्हणाले म्हणून. ती हे सगळं मनात नीट मांडून बघत होती, आणि बघता बघता तिला कळलं की आपण मांडामांड करतोय ती फक्त वेळ काढायला. ठरून गेलं होतं. कडी काढली तेव्हाच ठरलं होतं.

"साहेब, मी थांबते," ती म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं."

तिला तेच दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. पहिल्यापेक्षा ते जड गेलं.

काकांची पाळी दुपारीच सुटायची. ते घरी जायला सायकल काढत होते तेव्हा ती धावत खाली गेली. त्यांचं घर स्टेशनच्या पलीकडं.

"काका, एक काम आहे."

"स्टेशनवर ना? सोडतो की. बसा मागं. पण सांगून ठेवतो, चढाला उतरावं लागेल, पूर्वीसारखा दम नाही."

"मी नाही येत." तिनं पिशवी पुढं केली. "एवढी तिला द्या."

काकांनी पिशवी घेतली नाही. "हे काय आणि?"

"मशीन बिघडलंय."

"मशीन रोज बिघडतं, ताई. पोरगी रोज जाते का?"

तिनं पिशवी तशीच पुढं धरून ठेवली. काकांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग पिशवी हँडलला अडकवली. "ओळखेल का ती मला?"

"तुमच्या टोपीत खडू लपवायची. न ओळखून जाते कुठं?"

"आणि काय निरोप?"

निरोप तिनं ठरवलाच नव्हता. अर्धा तास होता म्हणून बोलायचं असं वेगळं काही काढून ठेवलं नव्हतं. "नीट जेव म्हणावं," ती म्हणाली. मग "स्वेटर बाहीला जरा लांब झालाय, दुमडून घाल म्हणावं." मग तिला आणखी काही सुचेना आणि काका निघाले.

वर दाढी फोनवर वाट बघत होता. तिनं कालच्या प्रतीची टेप शोधून काढली, कडं नाही ना हे बोट फिरवून पाहिलं आणि चढवली. रीळ फिरू लागलं, थांबलं, पुन्हा फिरू लागलं. दाढी एकेक आज्ञा सांगायचा, ती टाइप करून पडद्यावर आलेलं वाचून दाखवायची. मध्येच तो विचारायचा, "काय दिसतंय?" ती म्हणायची, "काही नाही." "मग थांबू या." दोघंही थांबायची. तारेवरून त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज यायचा, आणि तिच्या खोलीतला सगळ्या यंत्रांचा घों घों त्याला जात असणार. वर्षानुवर्षं ते असे बोलत आले होते आणि एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. दाढी आहे हेसुद्धा ऐकून.

अशाच एका थांबण्यात स्टेशनकडून शिटी ऐकू आली. गाडी येतानाची. खिडक्या बंद असल्या तरी त्या बाजूनं वारा असला की ऐकू येते.

"बाई?" दाढी म्हणाला.

"काही नाही. अजून काही दिसत नाही."

टेपचं रीळ फिरत राहिलं. ती त्याच्याकडं बघत उभी होती. आत्ता लेक गाडीच्या खिडकीशी आली असेल. आत्ता सामान शेजारच्या बाईवर सोपवून खाली उतरली असेल. आत्ता काका टोपी काढून दाखवत असतील. पडद्यावर आज्ञा मागणारा ठिपका लुकलुकू लागला.

"आलं," ती म्हणाली.

"काय म्हणतंय?"

"नोंदी कालपर्यंतच्या उभ्या राहिल्या. सकाळच्या मिळवू का, विचारतंय."

"शाबास! म्हणा होय."

तिनं होय टाइप केलं. हा होय वेगळा होता, पण बोटं क्षणभर अडलीच.

दुसरी शिटी झाली. सुटतानाची लांब असते. दाढीलाही ती ऐकू गेली असावी, कारण ती संपल्यावर तो जरा खाकरला आणि म्हणाला, "माझा मुलगाही बाहेर असतो. पत्र टाकत नाही लेकाचा."

"तुम्ही टाकता का?" तिनं विचारलं.

"अं? मोठ्यानं बोला."

"काही नाही."

सावल्या लांब झाल्या तेव्हा कारकून उठला. पडद्यावर त्याची नेहमीची रुक्ष ओळ आली: तयार आहे. दाढीनं तिला एक टेप मुद्दाम लिहून बघायला लावली. नोंद झाली. दुसरी लिहिली. तीही झाली. "जितं मशीन, जितं मशीन," म्हणत त्यानं फोन ठेवला आणि खोलीत यंत्रांचा घों घों एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

ती टेबलाशी बसून कडी परत बसवत होती तेव्हा काका आले. घरी जाऊन पुन्हा उलटं एवढं अंतर तुडवत आले होते. घामेजलेले. तिनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानंच प्यायलं.

"भेटली?"

"भेटली. लांबूनच ओळखलं. टोपीत हात घातला आधी." काकांनी टोपी काढून आत पाहिलं, जणू अजून तिथं काही असेल. "काय बिघडलंय, विचारलं. मी म्हटलं मशीन. म्हणाली, 'मशीन की कारकून?' मला काय कळतंय त्यातलं? म्हटलं, दोघंही असतील, आजकाल कोणाचा भरवसा नाही."

ती थोडी हसली.

"मग म्हणाली, 'कारकून असेल तर आई नाही यायची.' स्वेटर तिथंच घातला बघा, एवढ्या उन्हात. बाह्या दुमडल्या. मी म्हटलं, पोरी, घामानं भिजशील. ऐकते का!"

"आणि?"

"आणि काय. उभी राहिली."

"कुठं?"

"खालीच, फलाटावर. मी म्हटलं, जाऊन बस जागेवर, आई येणार नाहीये. म्हणाली, 'माहीत आहे.' पण उभीच राहिली. स्टेशनच्या फाटकाकडं तोंड करून. गाडी हलली तेव्हा चढली."

काकांनी पेला टेबलावर ठेवला. एक कडं गडगडत कडेपर्यंत गेलं, त्यांनी ते पकडून तिच्या हातात दिलं. "येतो ताई. घरी वाट बघत असतील."

"या, काका."

तिनं उरलेली कडी बसवली. थांबलेली कामं एकेक करून पुढं आली. मशीन टेपा मागत गेलं आणि ती चढवत गेली. आठवड्याचे सगळे जन्म आणि सगळे मृत्यू उतरले, आणि प्रत्येक टेप उतरली की कारकुनाची ओळ आली, नोंद झाली. संध्याकाळच्या पाळीचा माणूस आला. तिनं त्याला कारकून पडल्यापासूनचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काय डोक्याला ताप!" आणि डबा उघडून बसला.

मग ती टेपघराच्या आतल्या टोकाला गेली, जिथं शेवटच्या कपाटामागं एक स्टूल असतं. डोळे मिटले. सकाळपासून सांगायला सुरुवात केली. आरशात तीनदा बघितल्याचं सांगितलं. साहेबांचा हुकूम मोडल्याचं सांगितलं. "नीट जेव" याहून चांगला निरोप सुचला नाही, तेही सांगितलं. शिटीपाशी येऊन ती थांबली. पुढचं तिनं पाहिलेलं नव्हतं. पाहिलेलं नाही ते पाहिल्यासारखं सांगायचं नाही, असं तिचं तिनंच ठरवलेलं. पण गाळायचंही नव्हतं.

"ती उभी राहिली," ती हळूच म्हणाली. "असं काका म्हणाले."